सायकलचा आरा आणि फोमच्या विमानाचे पाय

फोमच्या छोट्या विमानाचे लँडिंग गिअर म्हणजे दोन चाके, त्यांना धरणारी वाकवलेली तार आणि ती तार फोममध्ये रुतू नये म्हणून बसवलेली प्लायवुडची पट्टी. विमानाच्या साऱ्या भागांत हा भाग दिसायला सर्वांत साधा, आणि मोडतोही सर्वांत आधी. मोटर, बॅटरी, रिमोट या वस्तू विकत आणाव्या लागतात. पाय मात्र हौशी माणूस बहुधा घरीच करतो. त्याचे कारण जमीन. हवा सगळीकडे साधारण सारखीच भेटते, टेकायची जमीन मात्र गावागणिक बदलते. नंदुरबार जिल्ह्यापुरते पाहिले तरी शहादा-तळोद्याकडे तापीकाठची भेगाळणारी काळी जमीन, नवापूरच्या बाजूला भातखाचरे आणि उत्तरेला अक्राणी-तोरणमाळकडे सातपुड्याचा दगडगोट्यांचा चढ, असे तीन प्रकार एकाच जिल्ह्यात सापडतात. एका जागी नीट चालणारे पाय दुसऱ्या जागी पहिल्याच उतरणीत वाकडे होतात.

या पायांसाठी महाराष्ट्रात सर्वांत हाताशी असलेली वस्तू म्हणजे सायकलचा आरा. सायकलच्या दुकानात त्याला स्पोक म्हणतात. रोजच्या वापराच्या काळ्या सायकलीचा आरा सुमारे फूटभर लांब, साधारण २ मिलिमीटर जाड, एका टोकाला वाकडी मान आणि दुसऱ्या टोकाला आटे असलेला असतो. अशा सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० आरे बसतात, त्यामुळे तालुक्याच्या गावात दुसरे काही मिळो न मिळो, आरा मिळतोच. आणि मुळात हा आरा सुचला तोच विमानासाठी.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे सर जॉर्ज केली हे विमानविद्येचे आद्य पुरुष. १८०४ साली त्यांनी एका काठीवर पतंग बसवून, मागे शेपूट जोडून एक लहान ग्लायडर उडवले. पुढे पंख, मागे शेपूट ही आजच्या विमानाची मांडणी त्या नमुन्यात प्रथम दिसते. म्हणजे विमानाची सुरुवातच हाताने केलेल्या नमुन्यापासून झाली. उडणाऱ्या यंत्राला जमिनीवर धावायला चाके लागतील, आणि ती हलकी असली पाहिजेत, हे केलींच्या तेव्हाच लक्षात आले. बैलगाडीच्या किंवा घोडागाडीच्या चाकात भार तुंब्याखालच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गोळ्याखालच्या, लाकडी आऱ्यावर दाबाने येतो. दाब सोसायचा म्हणून आरा जाड, आणि आरा जाड म्हणून चाक जड. केलींनी १८०८ मध्ये याच्या उलट विचार मांडला: आरे दाबले जाण्याऐवजी ताणले जावेत, म्हणजे लाकडाच्या जागी दोरी किंवा तारही पुरेल. तुंबा घेराला चहूबाजूंनी ताणून बांधायचा आणि सगळी मजबुती घेरावर सोपवायची. सायकलींना तारेचे आरे लागले ते यानंतर सुमारे साठ वर्षांनी. केलींची कल्पना आधी रस्त्यावर रुजली आणि तिथूनच पुढे विमानांच्या चाकांत गेली.

मधल्या काळातल्या बहुतेक नमुना-विमानांना पायच नव्हते. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत पीळ दिलेल्या रबरावर चालणारे नमुना-विमान उडवले. ते ११ सेकंद हवेत राहिले. निघाले हातातून आणि उतरले पोटावर. अमेरिकेत सॅम्युएल लँगली यांचे वाफेवर चालणारे मोठे नमुना-विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीतल्या एका तरत्या घराच्या छतावरून झेपावले आणि पाण्यात उतरले. उडायचे कसे हा प्रश्न इतका अवघड होता की उतरण्याचा विचार मागे पडला. राइट बंधू सायकलींच्या धंद्यातले. तरी १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या त्यांच्या विमानाला चाके नव्हती. त्याखाली लाकडी घसरपट्ट्या होत्या आणि ते ६० फुटी रुळावर एका गाडीवरून सोडले गेले. त्या गाडीचे रोलर मात्र सायकलच्या चाकाच्या तुंब्यांपासून केलेले होते. ते जिथे उडाले त्या किटी हॉकच्या वाळूत बारीक चाके रुतली असती, म्हणून रूळ. जमिनीने पाय ठरवण्याचे हे पहिले मोठे उदाहरण. राइटांच्या विमानांना चाके आली ती १९१० च्या ‘मॉडेल बी’मध्ये.

त्याआधी २३ ऑक्टोबर १९०६ रोजी ब्राझीलच्या आल्बर्टो सांतोस-द्युमों यांचे विमान पॅरिसमध्ये स्वतःच्या चाकांवर धावत उठले. पण घरच्या कारागिरीच्या दृष्टीने अधिक शिकवणारे उदाहरण लुई ब्लेरियो यांचे. २५ जुलै १९०९ रोजी त्यांनी ज्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्याची चाके तारांच्या आऱ्यांची होती, धक्का सोसायला रबराच्या दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि आडव्या वाऱ्यात विमान तिरपे उतरले तर चाकांना आपोआप वळता येत होते. एवढी तजवीज असूनही डोव्हरला उतरताना पाय आणि पंखा मोडला. वैमानिकाला मात्र गंभीर इजा झाली नाही. पायांनी स्वतः मोडून वरचे वाचवायचे, हे तत्त्व आजच्या फोमच्या विमानालाही लागू आहे.

भारतातही विमान आणि सायकल यांची गाठ लवकर पडली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके यांनी अलाहाबादहून नैनीपर्यंत टपाल नेले, ती जगातली पहिली अधिकृत विमानटपाल फेरी. ते विमान हंबर कंपनीचे होते आणि हंबर ही मूळची सायकली बनवणारी इंग्रज कंपनी. मुंबईत १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते ‘पुस मॉथ’ विमानातून. या विमानाच्या पायांतली एक युक्ती सांगण्यासारखी आहे: पायांवरची चपटी झाकणे वैमानिकाला काटकोनात फिरवता येत, म्हणजे ती हवेला आडवी येऊन विमानाचा वेग कमी होई. एकच पाय धक्काही घेतो आणि लगामही घालतो. जुहूची तेव्हाची जमीन मात्र समुद्रकाठचा चिखल. पावसाळ्यात ती वापरता येत नसे आणि टाटांना आपली विमाने त्या दिवसांत पुण्याला हलवावी लागत. काळ्या जमिनीवर पहिल्या पावसानंतर विमान उडवू पाहणाऱ्या कुणालाही ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

नमुना-विमानांचे पाय स्वतंत्र विद्या म्हणून वाढले ते १९२० ते १९४० च्या दरम्यान. लॉर्ड वेकफिल्ड यांच्या नावाच्या चषकाची स्पर्धा १९२८ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात अनेक वर्षे रबरावर चालणाऱ्या विमानाने हातातून न सुटता जमिनीवरून स्वतः उठावे असा नियम होता. या एका नियमामुळे पायांवर विचार करणे भाग पडले. आधी चिरलेल्या बांबूचे पाय होते: हलके, लवचीक, तापवून वाकवता येणारे. मग पियानोची पोलादी तार आली. ती वाकते आणि आपल्या जागी परत येते. त्यामुळे धक्का सोसायला वेगळा रबर किंवा स्प्रिंग लागत नाही. पाय आणि स्प्रिंग एकच होतात.

मोठ्या विमानांतही हीच कल्पना अमेरिकेच्या स्टीव्ह विटमन यांनी १९३० च्या दशकात आपल्या शर्यतीच्या विमानांवर वापरली. सांधे, नळ्या, रबर सगळे काढून त्यांनी पोलादाचा एकच लवचीक पाय बसवला. सेस्ना कंपनीने त्या रचनेचा हक्क घेतला आणि १९४६ च्या ‘सेस्ना १४०’ पासून तसे पाय बसवले. वैमानिक घडवणाऱ्या संस्थांत जगभर दिसणाऱ्या सेस्ना १५० आणि १५२ यांचे पाय याच कुळातले. अशी विमाने उतरू शकतील अशा, नंदुरबारच्या सर्वांत जवळच्या धावपट्ट्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात आहेत, एक धुळ्याजवळ गोंदूरला आणि दुसरी शिरपूर तालुक्यात तांडे येथे. तिथल्या पट्ट्या डांबरी, म्हणून मोठ्या विमानाला छोटी चाके पुरतात. शेताच्या बांधालगत उतरणाऱ्या पाऊण किलोच्या विमानाला त्या मानाने कितीतरी मोठी चाके लागतात, कारण ढेकूळ कुणासाठी लहान होत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा छंद शाळा-महाविद्यालयांत पोचवण्याचे मोठे काम राष्ट्रीय छात्र सेनेने केले. छात्र सेना १९४८ ची. तिची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कोलकात्यात एकेका तुकडीने सुरू झाली. नमुना-विमाने बनवणे हा तिच्या शिक्षणाचाच भाग होता आणि आहे. वायुसैनिक शिबिरांत त्याच्या स्पर्धाही होतात. तिथे वर्षानुवर्षे चाललेला प्रकार म्हणजे तारेला बांधून गोल फिरवायचे विमान. उडवणारा मध्ये उभा राहतो, हातातल्या मुठीला दोन तारा असतात आणि विमान त्याच्याभोवती घिरट्या घालते. अशा विमानाला बाल्सा लाकडाचे अंग, पुढे छोटे इंजिन आणि इंजिनामागच्या प्लायवुडच्या फळीला पट्ट्यांनी आवळलेली तार असे. पायांची जागा त्या फळीवरच, कारण विमानातला सर्वांत मजबूत भाग तोच. पियानोची तार आणि बाल्सा मोठ्या शहरांतून मागवावे लागे. आपल्या गावात जे मिळते त्यावर काम भागवायचे, तर सायकलच्या दुकानाची पायरी चढावी लागे.

टाकाऊतून विज्ञान ही दृष्टी शिक्षणात रुजवणाऱ्यांत अरविंद गुप्ता यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमातून त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांच्यापासून आकृत्या जोडण्याची रीत पुढे आणली. नंतर पुण्याच्या आयुका संस्थेतल्या विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हीच व्हॉल्व्हची नळी विमानाच्या पायातही उपयोगी पडते: तिचा छोटा तुकडा आऱ्यावर ओढून घातला की चाक बाहेर निसटत नाही.

फोमची गोष्ट त्याच्या बरीच आधी दुसरीकडे सुरू झाली होती. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ स्टास्टनी यांनी १९४९ च्या सुमारास पॉलिस्टायरीनचे दाणे फुगवण्याची कृती शोधली. आपल्याकडे तो पांढरा पदार्थ थर्माकोल या नावाने घरोघर गेला, तो नाजूक वस्तूंच्या खोक्यांतून आणि गणपतीच्या मखरांतून. मखर करणाऱ्या हातांनी थर्माकोल तापल्या तारेने कापण्याची कला महाराष्ट्रात इतकी पसरवली की विमानाचा पंख कापायला वेगळे शिकावे लागत नव्हते. २३ मार्च २०१८ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. पर्यावरणासाठी ते आवश्यकच होते. त्यानंतर विमाने करणारे टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतला फोम, सनबोर्ड, पोकळ प्लास्टिक-पुठ्ठा आणि डेप्रॉन नावाच्या फोमच्या पातळ पत्र्यांकडे अधिक वळले.

फोमने वजनाचा प्रश्न सोडवला आणि पायांचा प्रश्न अवघड केला. बाल्साच्या विमानात तार लाकडाला बांधता येई. फोम तारेखाली कापला जातो. थोडे गणित मांडून पाहावे. विमान ६०० ग्रॅमचे आहे आणि सेकंदाला एक मीटर वेगाने खाली येते. पाय अगदी ताठ असतील आणि ते सारे ३ मिलिमीटरच्या चेपण्यात थांबले, तर सरासरी दहा किलोच्या वजनाइतका धक्का बसतो. पाय ३ सेंटिमीटर लवले, तर तोच धक्का एका किलोवर येतो. म्हणून पाय मजबूत असण्यापेक्षा लवचीक असणे महत्त्वाचे. दुसरी बाब क्षेत्रफळाची. २ मिलिमीटरची तार फोमवर तीन सेंटिमीटर टेकली, तर पाऊण किलोच्या आत-बाहेरच फोम चेपू लागतो. तीच तार चार बाय सहा सेंटिमीटरच्या प्लायवुडवर बसवली तर भार चाळीस पट जागेवर पसरतो. प्लायवुड नसेल तर आइस्क्रीमच्या काड्या शेजारी-शेजारी चिकटवल्या तरी काम होते. चिकटवायला फेविकॉल, वाळायला वेळ लागतो, पण तो फोमला खात नाही. फेविक्विकसारखी झटपट चिकटणारी द्रव्ये थर्माकोल विरघळवतात.

एका आऱ्यातून दोन्ही पाय निघतात. फूटभर आऱ्याची वाकडी मान हॅक्सॉने कापायची. मधले सात सेंटिमीटर सपाट ठेवायचे, ते प्लायवुडवर बसतात. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटिमीटरचे पाय खाली आणि बाहेर झुकवायचे, आणि टोकाचे अडीच-अडीच सेंटिमीटर आडवे वळवले की आख तयार. वाक बेंच व्हाइसमध्ये धरून, थंड तारेलाच, गोलाई ठेवून द्यायचा. पकडीच्या धारेवर कोपरा काढला तर तार तिथे चिरते, आणि तापवली तर तिचा ताठपणा जातो. आटे असलेल्या टोकाला आऱ्याचीच निपल चाकाची टोपी म्हणून बसते. दुसऱ्या टोकाला वायसर आणि व्हॉल्व्हच्या नळीचा तुकडा. सगळा आरा जेमतेम सात ग्रॅमचा. तारेचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे २ मिलिमीटरचा आरा दीड मिलिमीटरच्या तारेपेक्षा तिपटीहून ताठ भरतो. हलक्या विमानाला तो जरा जास्तच होतो, पाऊण किलोच्या विमानाला बेताचा. पियानोच्या तारेइतके कडक पोलाद आऱ्यात नसते. जोरात आदळले की तो वाकून राहतो आणि हाताने सरळ करावा लागतो. नवशिक्याच्या विमानाला हे गैरसोयीचे वाटले तरी फायद्याचेच आहे, कारण वाकण्यात गेलेली ऊर्जा फोमपर्यंत पोचत नाही.

पाय कुठे बसवायचे याचा नियम मोठ्या विमानांकडूनच आला. शेपटीवर टेकणाऱ्या विमानात चाके गुरुत्वमध्याच्या पुढे हवीत. गुरुत्वमध्यापासून चाक टेकते तिथपर्यंत रेषा ओढली तर तिने उभ्या रेषेशी पुढच्या बाजूला पंधरा ते वीस अंशांचा कोन करावा. कमी ठेवला तर विमान नाकावर कलंडते आणि पंखा तुटतो. जास्त ठेवला तर धावताना शेपूट उचलत नाही. दोन्ही चाके पुढच्या बाजूला किंचित आत वळवली की विमान सरळ धावते. प्लायवुडची पट्टी कायमची चिकटवली तरी तार तिच्यावर रबरबँडने बांधणे चांगले: जबर आदळल्यावर पाय सुटून बाजूला पडतात आणि पोट शाबूत राहते.

चाके हवाई चपलेच्या तळव्याची. टाकलेल्या चपलेचे गोल कापून त्यांच्या गाड्या करणे हा महाराष्ट्रातल्या खेड्यांत मुलांचा जुना उद्योग, त्यामुळे या कामाला शिक्षक लागत नाही. चपलेवर बाटलीचे झाकण ठेवून खूण करायची, पात्याने कापायचे आणि काठ दगडी फरशीवर घासून गोल करायचे. मधोमध रिकाम्या रिफिलचा तुकडा बसवला की आरा रबराला कापत नाही. मोठे चाक हवे असेल तर चपलेचे रबर जड पडते. तिथे पॅकिंगच्या मऊ फोमच्या दोन-तीन चकत्या एकमेकींना चिकटवून बाहेरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात.

नंदुरबारच्या जमिनीवर यातले काय चालते, हे ऋतूवर ठरते. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटत जाते आणि चाक फिरेनासे होते. कापूस उभा असेतो शेतात जागा नसते; वेचणी संपल्यावर पऱ्हाट्यांचे खुंट राहतात आणि ते पंख फाडतात. उन्हाळ्यात त्याच जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि सहा सेंटिमीटरपेक्षा लहान चाक त्यांत अडकते. सर्वांत चांगली सपाट जागा म्हणजे मिरची वाळवायच्या पथाऱ्या. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ, आणि हंगामात या पथाऱ्यांवर लाल मिरची अंथरलेली असते, तेव्हा तिथे पाऊलही टाकायचे नसते. हंगाम सरल्यावर अशा ठिकाणी चपलेची छोटी चाकेही धावतात. भातखाचरांत आणि सातपुड्याच्या चढावर चाकांचा उपयोग थोडा. तिथे चिरलेल्या बांबूच्या दोन घसरपट्ट्या पोटाखाली लावल्या तर विमान गवतावर घसरत थांबते, आणि बांबू सातपुड्यात वाण्याकडे न जाता मिळतो.

विजेवर चालणाऱ्या नमुना-विमानाचे पहिले नोंदलेले रिमोट उड्डाण १९५७ मध्ये इंग्लंडच्या कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी केले, पण जड बॅटरीमुळे तो प्रकार बरीच वर्षे मागे राहिला. २००० नंतर लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशविरहित मोटर स्वस्त झाल्यावर पाव ते एक किलोची फोमची विमाने सर्वत्र झाली. एवढे हलके विमान हातातून सोडता येते आणि गवतावर पोटावर उतरवता येते, त्यामुळे अनेकांनी पाय काढूनच टाकले. चाकांसह पाय चाळीस-पन्नास ग्रॅम भरतात, हवेला अडवतात, आणि तेवढे वजन बॅटरीला दिले तर विमान जास्त वेळ उडते. तरी शिकणाऱ्यासाठी पाय ठेवणेच बरे. जमिनीवर विमान चालवून पाहिल्याशिवाय सुकाणूचा हात बसत नाही, आणि पोटावर उतरताना पंखा वाचवायचा असेल तर मोटर अचूक क्षणी बंद करावी लागते.

शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ नंतर सुरू झाल्या आणि त्यांतल्या थ्री-डी प्रिंटरवर चाके, तुंबे, तार धरायच्या पट्ट्या छापता येतात. छापलेला तुंबा आणि सायकलचा आरा ही जोडी चांगली जमते, कारण तुंब्याचे भोक आऱ्याच्या जाडीइतकेच नेमके ठेवता येते. पाय मात्र छापू नयेत. छापलेले प्लास्टिक थरांच्या सांध्यात तुटते आणि तारेसारखे परत येत नाही. रबरबँडने बांधलेली तार काढायला दोन मिनिटे लागतात, त्यामुळे एकाच विमानासाठी पायांचे दोन जोड करून ठेवता येतात: पथारीसाठी आऱ्याचे चाकांसह, आणि गवतासाठी बांबूच्या घसरपट्ट्यांचे. जोड बदलला की गुरुत्वमध्य सरकतो. तो पंखाच्या पुढच्या काठापासून रुंदीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर येईपर्यंत बॅटरी पुढे-मागे करायची आणि मगच विमान सोडायचे.